परजिल्ह्यात पोलीस शिपाई म्हणून रुजू होताना: अर्जाच्या रकान्यापासून पहिल्या बीटपर्यंत

महाराष्ट्रात पोलीस शिपायाची भरती घटकनिहाय होते. प्रत्येक जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय, प्रत्येक पोलीस आयुक्तालय, लोहमार्ग पोलीस आणि राज्य राखीव पोलीस बलाचा प्रत्येक गट आपापल्या रिक्त पदांसाठी भरती करतो, आणि उमेदवाराला एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. त्यामुळे ज्या जिल्ह्याचे नाव आजवर केवळ शाळेच्या नकाशात वाचले, त्या जिल्ह्यात अर्ज करणारी मुले-मुली प्रत्येक भरतीत असतात. तिथे जागा जास्त निघालेल्या असतात किंवा मागच्या वेळी तिथला कटऑफ खाली आलेला असतो. हा हिशेब गैर नाही, कारण आधी वर्दी अंगावर चढली पाहिजे. मात्र घटकाचा तो रकाना भरताना आपण परीक्षेचे केंद्र निवडत नसून पुढील कित्येक वर्षांचा पत्ता निवडत आहोत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मी पंचगंगेच्या काठच्या एका गावातून खानदेशात गेलो आणि माझ्या सेवेची बहुतेक वर्षे तिथेच गेली. तेव्हा मला कोणी समजावून सांगायला हवे होते, ते येथे लिहीत आहे.

जिल्हा निवडताना

पात्रतेच्या मुख्य अटी बहुतेक जिल्ह्यांत सारख्याच असतात, म्हणून त्यांवर येथे वेळ घालवत नाही. बारावी उत्तीर्ण, खुल्या प्रवर्गासाठी वय १८ ते २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३ पर्यंत, पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर व महिलांची १५५ सेंटिमीटर, मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची, ही चौकट तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. जिल्हागणिक बदलते ते रोजचे जगणे आणि कामाचे स्वरूप.

बृहन्मुंबईत जागा नेहमीच मोठ्या संख्येने निघतात, पण तिथे शासकीय निवासस्थान मिळेपर्यंत अनेक शिपाई बदलापूर, अंबरनाथ किंवा विरारकडे भाड्याने राहतात, आणि बारा तासांच्या पाळीच्या दोन्ही टोकांना लोकलचा प्रवास जोडला जातो. ग्रामीण जिल्ह्यात घरभाडे परवडते, परंतु पोलीस ठाण्याची हद्द मोठी असते आणि रात्रीच्या गस्तीला डोंगर, नदी-नाले, उसाचे फड यांतून जावे लागते. राज्य राखीव पोलीस बलाच्या गटाचे मुख्यालय तुमच्या गावाजवळ असले म्हणून तुम्ही घराजवळ राहाल, असे समजू नये; त्यांच्या कंपन्या बंदोबस्तासाठी राज्यभर आणि प्रसंगी राज्याबाहेरही फिरत असतात. गडचिरोलीत स्थानिक रहिवाशांसाठी आणि स्थानिक भाषांसाठी वेगळ्या अटी ठेवल्या जातात, त्यामुळे तिथली जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

निवडलेल्या जिल्ह्याबद्दल काही गोष्टी आधीच माहीत करून घ्याव्यात. आपल्या गावाहून जिल्हा मुख्यालयापर्यंत थेट एसटी किंवा रेल्वे आहे का, आणि नसेल तर किती ठिकाणी गाडी बदलावी लागते? आई-वडिलांपैकी कोणी आजारी असेल, तर रात्री निरोप आल्यावर सकाळपर्यंत घरी पोहोचता येईल का? लग्न झालेले असेल, तर जोडीदाराची नोकरी किंवा शिक्षण तिथे चालू राहू शकेल का? कटऑफ दोन गुणांनी कमी आहे, पण घरी पोहोचायला वीस तास लागतात, असा जिल्हा घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा, पण घरच्यांसमोर बसून, हिशेब मांडून घ्यावा. आपल्याच जिल्ह्यात राहायचे म्हणून दोन-तीन भरत्या वाया घालवून वयाची मर्यादा ओलांडलेली मुलेही मी पाहिली आहेत. माझे स्वतःचे मत असे की, वय २५ च्या पुढे गेले असेल तर दूरचा जिल्हा घ्यावा. त्याआधी निदान एक संधी जवळच्या घटकात द्यायला हरकत नाही.

मैदानी चाचणी सहसा त्या घटकाच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर होते आणि ती पहाटेच सुरू होते. परगावचा उमेदवार रात्रभर प्रवास करून थेट मैदानावर उतरला, तर १६०० मीटरच्या धावेत त्याचे पाय जड पडतात. किमान एक दिवस आधी पोहोचावे, मुक्कामाची सोय ओळखीतून किंवा धर्मशाळा, वसतिगृह यांतून आधीच करून ठेवावी आणि त्या मोकळ्या दिवसात शहर पायी फिरून पाहावे. लेखी परीक्षेत त्या जिल्ह्यातील नद्या, तालुके, किल्ले, पिके यांवर प्रश्न येऊ शकतात. त्यासाठी केलेला अभ्यास पुढे नोकरीतही कामी येतो, त्यामुळे तो मन लावून करावा.

निघण्यापूर्वी कागदपत्रे

अंतिम निवड यादीत नाव आले की मिरवणुका निघतात, फलक लागतात, आणि या गडबडीत कागदपत्रे मागे राहतात. परजिल्ह्यात जाणाऱ्याला हे फार महागात पडते, कारण त्याचे तहसील कार्यालय, त्याची शाळा आणि त्याची जात प्रमाणपत्र पडताळणी समिती ही सारी मागे मूळ जिल्ह्यात असतात, आणि नोकरीत नव्या असलेल्या माणसाला त्यासाठी रजा मिळत नाही. अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता, लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रके यांच्या मूळ प्रती व प्रत्येकी पाच-सहा साक्षांकित प्रती एका फाइलमध्ये लावाव्यात. नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे का, हे बोट ठेवून तपासावे. सेवा पुस्तकात चढलेली चूक निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात तुम्ही जिथे-जिथे राहिलात ते सर्व पत्ते लिहावेत. तयारीसाठी दोन वर्षे दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहिला असाल, तर तो पत्ताही लिहावा. कधी काळी गावातल्या भांडणात नाव आले असेल, गुन्हा दाखल झाला असेल, तर निर्दोष सुटलो म्हणून तो लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात स्पष्ट केले की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि तीत काही दडवलेले नसावे. खरे सांगितलेल्या प्रकरणाचा विचार नियोक्ता त्याच्या स्वरूपानुसार करू शकतो. किरकोळ प्रकरणापेक्षा ते लपवणेच अधिक नडते, आणि परजिल्ह्यात तुमची बाजू सांगायला ओळखीचे कोणी नसते.

घर केव्हा आणि कसे घ्यावे

निवडपत्र हाती येताच त्या शहरात कुटुंबासाठी घर भाड्याने घेणे ही नव्या मुलांची नेहमीची चूक आहे. मुख्यालयात हजर झाल्यावर नोंदी होतात, किट मिळते आणि मग मूलभूत प्रशिक्षणासाठी तुकडी रवाना होते. हे प्रशिक्षण खंडाळा, जालना, अकोला, लातूर, सोलापूर, धुळे, नागपूर, सांगलीजवळचे तुरची अशा कोणत्याही केंद्रात होऊ शकते, म्हणजे तुमचा जिल्हाही नाही आणि नेमणुकीचाही नाही, असा तिसराच जिल्हा वाट्याला येतो. तिथे बराकीत राहायचे असते. एवढे महिने रिकाम्या घराचे भाडे भरण्यात काहीच अर्थ नाही. दीक्षांत संचलन होऊन मूळ घटकात परतल्यावरही सुरुवातीला बहुधा मुख्यालयातच गार्ड ड्युटी, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण), बंदोबस्त अशी कामे मिळतात आणि पोलीस ठाण्याची नेमणूक नंतर होते. म्हणून आधी बराकीत किंवा दोघा-तिघा सहकाऱ्यांसोबत खोलीत राहावे, नेमणूक स्थिरावली की मगच कुटुंब आणावे.

पोलीस लाईनमधील घरासाठी अर्ज मात्र पहिल्या संधीला करून ठेवावा, कारण प्रतीक्षायादी अर्जाच्या क्रमाने सरकते. शासकीय निवासस्थान मिळाले की घरभाडे भत्ता बंद होतो, हे जमेस धरून खर्च आखावा. लाईनमधली घरे कित्येक ठिकाणी जुनी आणि लहान आहेत, तरीही परजिल्ह्यातून आलेल्याने पहिली काही वर्षे लाईनमध्येच काढावीत, असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही चार दिवस बंदोबस्तावर गेलात आणि मुलाला रात्री ताप भरला, तर शेजारची वहिनी न विचारता दवाखान्यात सोबत येते. भाड्याच्या घरात ती ओळख जमायला वर्षे जातात.

खासगी खोली घ्यावी लागली तर मालक कोण आहे हे नीट पाहावे. नवा शिपाई गावात आला की त्याला कमी भाड्यात किंवा भाड्याशिवाय खोली देऊ करणारा कोणीतरी भेटतोच. तो फार अगत्याने बोलतो, पहिला महिना जेवणाचा डबाही पाठवतो. त्याचा वाळूचा धंदा आहे, बार आहे, की जमिनीचा वाद ठाण्यात पडून आहे, हे तुम्हाला दोन महिन्यांनी कळते, आणि तोवर गावाने तुम्हाला त्याचा माणूस ठरवलेले असते. शासकीय कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, पण नियम बाजूला ठेवला तरी अशा खोलीची किंमत फार मोठी पडते. ठाण्यातल्या जुन्या हवालदाराला विचारावे, रूढ दराने भाडे द्यावे आणि ते बँकेतून द्यावे.

पैशांबद्दल थोडेसेच. पोलीस शिपायाची वेतनश्रेणी एस-७, म्हणजे २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे आणि त्यावर भत्ते मिळतात. परंतु सेवार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीत नाव चढून पहिला पगार खात्यात पडायला वेळ लागू शकतो. किमान दोन-तीन महिन्यांचा खर्च जवळ ठेवून निघावे. पगार सुरू होताच कर्ज देऊ करणारे फोन येतील; परिस्थिती फारच अडचणीची नसेल तर पहिल्या वर्षी गाडी, प्लॉट, बहिणीच्या लग्नाचे मोठे कर्ज यांपैकी काहीही अंगावर घेऊ नये. सेवा पुस्तक उघडले जाईल तेव्हा वारस नामनिर्देशन आणि स्वग्रामची नोंद आठवणीने करून घ्यावी. परजिल्ह्यात नोकरी करणाऱ्याला स्वग्राम प्रवास सवलत याच नोंदीवर मिळते.

प्रदेश शिकणे हेच काम

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. हे कायदे अक्कलकुव्यात आणि सावंतवाडीत एकच आहेत, प्रशिक्षणात ते शिकवलेही जातात. पण फिर्यादी कायद्याच्या भाषेत बोलत नाही. तो त्याच्या घरच्या भाषेत बोलतो, आणि ती भाषा प्रशिक्षण केंद्रात शिकवली जात नाही.

माझ्या ठाण्यातल्या नेमणुकीला जेमतेम महिना झाला होता. एके सकाळी एक वृद्ध बाई ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे आलेली तक्रार नोंदवून घेणाऱ्या हवालदाराच्या, टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. ठाणे अंमलदार आत साहेबांकडे गेले होते आणि मी मदतनीस म्हणून बसलो होतो. पदराने तोंड पुसत त्या एवढेच म्हणत होत्या, ‘मनी आंडेर घर उनी नही.’ मी विचारले, कोण? त्या पुन्हा म्हणाल्या, आंडेर. आदल्याच आठवड्यात मी कुठेतरी ऐकले होते की अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा. मी कच्च्या कागदावर ‘मुलगा बेपत्ता’ असे लिहिले, वय विचारले, अंगावरचे कपडे विचारले आणि त्यांनी सांगितलेला परकराचा रंग ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटले, बाई गोंधळल्या आहेत. हवालदार साहेब बाहेर आले, कागद पाहिला, बाईंना एकच प्रश्न अहिराणीत विचारला आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, ‘आंडोर मुलगा, आंडेर मुलगी. चौदा वर्षांची मुलगी आहे.’ बिनतारी संदेश मुलाच्या वर्णनाचा गेला असता, तर बसस्थानकावरच्या पोलिसाने समोरून जाणाऱ्या मुलीकडे पाहिलेही नसते. मुलगी संध्याकाळी मामाच्या गावी सुखरूप सापडली. तो कागद मी बरीच वर्षे जपून ठेवला होता. आज अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरणाचा गुन्हाच दाखल करावा लागतो, त्यामुळे अशा चुकीचे परिणाम अधिकच गंभीर होतात.

म्हणून परजिल्ह्यात गेल्यावर खिशात एक लहान वही ठेवावी आणि रोज कानावर पडलेले पाच शब्द त्यात लिहावेत. नात्यांचे शब्द आधी शिकावेत, कारण बहुतेक फिर्यादी नात्यांतूनच येतात. मालवणीत मुलगा म्हणजे झील आणि मुलगी म्हणजे चेडू. त्यानंतर वेळेचे, दिशांचे, शेतीच्या कामांचे आणि अर्थातच शिव्यांचे शब्द शिकावेत. कोणता शब्द तिथे सहज बोलला जातो आणि कोणत्या शब्दावरून कुऱ्हाड निघते, हे परक्या माणसाला कळत नाही आणि पोलिसाला ते कळावेच लागते. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात भिली आणि पावरा, डहाणू-तलासरीकडे वारली, भामरागडकडे माडिया बोलली जाते. तिथे मराठीसुद्धा लोकांची दुसरी भाषा आहे, हे मनाशी धरून सावकाश बोलावे. चुकीचा शब्द वापरला तर लोक हसतात. हसू द्यावे, ज्या पोलिसाला ते आपली भाषा शिकवतात, त्याच्यापासून पुढे फारसे लपवत नाहीत.

भाषेइतकीच ठिकाणांची नावे महत्त्वाची आहेत. कोकणात वाडी, सातपुड्यात पाडा, मराठवाड्यात तांडा आणि वस्ती, पूर्व विदर्भात टोला. नोंदीत गाव एकच असते आणि प्रत्यक्षात ते चार डोंगरांवर पसरलेले असते. एकाच नावाची खुर्द आणि बुद्रुक अशी दोन गावे असतात. ११२ वर आलेल्या कॉलमध्ये घाबरलेला माणूस नुसते नाव सांगतो आणि गाडी भलत्याच गावात जाऊन उभी राहते. नव्या माणसाने पहिल्या महिनाभरात आपल्या हद्दीचा नकाशा स्वतःच्या हाताने काढावा: ओढ्यावरचा कोणता पूल पावसात बुडतो, कोणत्या रस्त्याने रात्री चारचाकी जात नाही, मोबाइलची रेंज कुठे जाते, आठवडी बाजार कोणत्या दिवशी कुठे भरतो. बीट अंमलदारासोबत, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील काही गावे ज्याच्याकडे सोपवलेली असतात त्याच्यासोबत, गावात जाल तेव्हा पोलीस पाटलांच्या घरी थोडा वेळ बसावे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ ने त्यांना गावातील घडामोडी कळवण्याची जबाबदारी दिली आहे, पण नव्या शिपायाला त्यांच्याकडून मिळते ते त्याहून अधिक असते: कोणत्या दोन घरांत तीन पिढ्यांचे वैर आहे, कोणती शेतवाट दर पेरणीला अडवली जाते, कोणाच्या हाताला काम नाही. मात्र एकाचेच ऐकून मत बनवू नये. त्याच गावात शिक्षिका, आशाताई, एसटीचे कंडक्टर आणि किराणा दुकानदार यांच्याशीही बोलावे.

परका असण्याचा एक फायदाही आहे. तुम्हाला गावात भाऊबंद नसतात, जुनी उणीदुणी नसतात, आणि त्यामुळे दोन्ही पक्ष तुमचे ऐकून घेतात. हा फायदा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सर्वाधिक असतो. जात, आडनाव, मूळ गाव विचारून तुम्हाला कोणत्या तरी गटात बसवण्याचा प्रयत्न होईल. नाव-गाव सांगावे आणि विषय कामाकडे वळवावा.

घरच्या माणसांशी बोलून ठेवावे

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते आणि त्याला राज्याच्या कोणत्याही भागात कामाला पाठवता येते. याचा घरगुती अर्थ असा की गावाकडे ज्या दिवशी सण असतो, नेमक्या त्याच दिवशी तुमचा बंदोबस्त असतो. गणेशोत्सव, आषाढी, निवडणुका, मोठ्या जयंत्या यांच्या काळात रजा बंद होतात. हे आई-वडिलांना आणि जोडीदाराला आधीच स्पष्ट सांगावे, आणि सणाच्या आधी किंवा नंतर चार दिवस घरी जाण्याची पद्धत पाडून घ्यावी. किरकोळ रजा प्रवासातच संपते, म्हणून ती साप्ताहिक सुट्टीला जोडून मागावी आणि अर्ज लवकर द्यावा. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत कुटुंबातील कोणाची नावे बसतात, हे पहिल्याच महिन्यात कल्याण शाखेत विचारून नोंदणी पूर्ण करावी. गावी राहणाऱ्या आईचे ऑपरेशन ठरल्यावर धावपळ करण्यात हशील नाही. मुलांची शाळा शक्यतो जून महिन्यातच बदलावी.

पहिले सहा महिने एकटेपण येते, विशेषतः रात्रपाळीनंतरच्या दुपारी. त्या वेळी झोप, मैदान आणि घरी फोन एवढे तरी चुकवू नये. मन फारच खचले तर वरिष्ठांना सांगावे. त्यात कमीपणा नाही.

परत यायचे असेल तर

जिल्ह्यांतर्गत बदल्या होतच राहतात. अधिनियमानुसार अंमलदाराचा एका नेमणुकीच्या ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ ५ वर्षांचा आहे. मूळ जिल्ह्यात परतण्यासाठी मात्र आंतरजिल्हा बदली मागावी लागते. ती विनंतीवरून होते, दोन्ही घटकांची संमती आणि तिकडे रिक्त पद लागते, आणि नव्या घटकात सेवाज्येष्ठतेचे नुकसान सोसावे लागते, म्हणजे तुमच्या मागून भरती झालेला तुमच्या आधी हवालदार होऊ शकतो. दोन-तीन वर्षे सेवा झालेल्याला हे नुकसान फारसे जाणवत नाही, बारा वर्षे झालेल्याला जाणवते. पती-पत्नी एकत्रीकरण किंवा कुटुंबातील गंभीर आजारपण असे कारण असेल तर त्याचे पुरावे अर्जासोबतच जोडावेत. अर्ज नेहमी योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांमार्फत करावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि दिनांक घ्यावा, आणि ती प्रत घरच्या फाइलमध्ये, निवडपत्राच्या मागे लावून ठेवावी.